अभ्रा

परीक्षकाजवळ तीन गोष्टी असतात :
टॉर्च, भिंग आणि पेन्सिल.
पेन चालत नाही. शाईचा एक शिंतोडा,
आणि कुणाचं तरी वर्षभराचं जागरण पाण्यात.

व्हिश्कोवच्या शाळेची व्यायामशाळा.
बास्केटबॉलच्या रिंगखाली पांढरा कागद अंथरलेली टेबलं,
त्यांवर युद्धं,
एकेक ताटलीएवढं.

चार नंबरला ओत्मार व्रबाचा रणगाडा.
पोस्टातून निवृत्त झालेला माणूस;
बोटं अजून पाकिटं चाळल्यासारखी हलतात.
पस्तिसात एक.
पट्ट्याचा प्रत्येक दुवा सुटा,
डिझेलच्या पिंपावर पोचा, पोच्यात धूळ,
चिलखतावरून ओघळलेला गंज
म्हणजे तेलरंगाचा एक ठिपका
टर्पेंटाइनच्या कुंचल्यानं खाली ओढलेला.
चिखल स्वतःच्या परसातला, चहाच्या गाळणीतून चाळलेला.
(गाळणीवरून बायको आठवडाभर बोलली नाही म्हणे.)

मी टॉर्च आडवी धरली.
तोफेच्या नळीच्या पोटावर
दोन अर्धुकं जिथं चिकटवली
तिथं केसाएवढी रेघ.
'सांधा दिसतो. वजा दोन.'
व्रबानं मान हलवली
डॉक्टरसमोर हलवतात तशी.

तेवढ्यात एक म्हातारी थांबली टेबलाशी,
पणतूला शोधत आलेली, हातात त्याची टोपी.
"हाच," ती म्हणाली.
आम्ही दोघं एकदमच :
कुठल्या कारखान्याचा? बुरुज कुठल्या साच्याचा?
आम्हाला तेवढंच विचारता येतं.
"ते मला काय ठाऊक. मी सहा वर्षांची.
आमच्या दोरीवरचा अभ्रा घेऊन गेला तो."

गल्ली अरुंद. वळताना नळी अंगणात शिरली,
दोरी तुटली,
आणि आईचा अभ्रा नळीला अडकून
निघाला मोठ्या रस्त्यानं, पांढरा, ओला.
आई मागे धावली पुलापर्यंत,
तोंडात शिव्या, मुठीत चिमटे.
वरचे शिपाई हसत होते.
त्यातला एक अगदीच पोरगा होता, कानानं मोठा.
"जोडीतला दुसरा आहे माझ्याकडे," ती म्हणाली,
आणि टोपी घेऊन गेली पुढे.

व्रबा त्या दिवशी बक्षीस समारंभाला थांबला नाही.

यंदा पुन्हा टेबल चार.
तोच रणगाडा, तोच चिखल,
आणि नळीवर अभ्रा.
टिश्यू पेपरचा, वीस मिलिमीटर बाय सव्वीस;
तिच्या घरी जाऊन त्यानं फूटपट्टीनं मोजला होता खरा,
सत्तर बाय नव्वद,
आणि चहाबरोबर तीन वेळा केक खावा लागला होता.
कोपऱ्यात लाल धाग्याची दोन अक्षरं,
आनेश्का होराकोवाची आद्याक्षरं,
भिंगाखाली धरली तेव्हा मला वाचता आली.
पापणीच्या केसानं काढली, व्रबा म्हणाला. कुणाच्या, ते नाही बोलला.

फॉर्मवर एक रकाना असतो : संदर्भ.
तिथं लोक छायाचित्रांचे क्रमांक लिहितात,
संग्रहालयं, पृष्ठं, रंगांचे कोड.
त्यानं टपाली वळणाच्या अक्षरात लिहिलं होतं :
ड्राहोमीरा शेबेस्तोवा, वय शहाऐंशी, तोंडी.

ती येऊन गेली होती सकाळीच.
चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं म्हणे,
मग म्हणाली, "इतका स्वच्छ नव्हता. साबण कुठे होता तेव्हा?"
व्रबानं तिथंच, तिच्यासमोर,
बोटाला लागलेली धूळ अभ्र्यावर टेकवली.

आता माझी पाळी.
अभ्रा नेमका लोंबतोय
जिथं गेल्या वर्षी रेघ होती तिथं.
सांधा घासलाय का झाकलाय?
नियम साफ आहे : शंका असेल तर पाहा.
मी वाकलो. टॉर्च आडवी.
एक कोपरा त्यानं चिकटवलाच नव्हता.
माझ्या श्वासानं तो हलला,
किंचित,
जशी गाडी चालू आहे, पूल यायचाय अजून,
आणि मागून कुणीतरी धावतंय.

मी टॉर्च विझवली.
पेन्सिल हातात तशीच होती. तोंडावर हात धरून
उभा राहिलो
तो हलायचा थांबेपर्यंत.